निर्णय प्रसूतिगृहाच्या दारात नको

(तळा, जि. रायगड येथे माता-भगिनींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या रांगेत काही बंधूही बसलेले दिसत आहेत. त्यांचे विशेष स्वागत. बाळंतपणाचा विषय निघाला की पुरुषांनी उठून ओटीवर जावे, अशी आपल्याकडची जुनी रीत. परंतु आज ज्या विषयावर बोलायचे आहे त्यात त्यांची सही लागते, निदान ती लागते असा सर्वांचा समज आहे, तेव्हा त्यांनी बसूनच ऐकावे.

प्रारंभीच सांगते, मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवीधर आहे आणि आयुष्य वृत्तपत्रात गेले. त्यामुळे कोणी सिझेरियन करावे आणि कोणी करू नये, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पत्रकाराला एकच गोष्ट बऱ्यापैकी जमते, ती म्हणजे प्रश्न विचारणे आणि मिळालेले उत्तर तपासून घेणे. गर्भवतीला आणि तिच्या घराला नेमकी हीच गोष्ट जमावी, एवढ्यासाठी मी आज आले आहे.

प्रसूतिगृहाच्या दारातले एक दृश्य तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. रात्रीची वेळ, बाहेर बाकावर आई, सासू, नवरा, दीर. आत मुलगी कळा देते आहे. परिचारिका बाहेर येते आणि म्हणते, “बाळाचे ठोके कमी-जास्त होत आहेत, सिझर करावे लागेल, इथे सही करा.” पाच माणसे एकमेकांकडे पाहतात. कोणाला काही कळलेले नसते. नवरा थरथरत्या हाताने सही करतो. पुढे सारे सुखरूप होते, पेढे वाटले जातात. आणि मग सहा महिन्यांनी, वर्षाने त्या मुलीच्या मनात एक प्रश्न उरतो: ते खरोखर आवश्यक होते का? तिला उत्तर देणारा कोणी नसतो, कारण त्या रात्री कोणी काही विचारलेच नव्हते.

काही वेळा त्या दहा मिनिटांत खरोखर दुसरा मार्ग नसतो. पाणमोट फुटून नाळ बाळाच्या आधी खाली आली, तर विचारविनिमयाला अवधी नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. अशा वेळी डॉक्टरांशी हुज्जत घालणारा नातेवाईक हा त्या बाळाचा शत्रू. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या दहा मिनिटांच्या आधी आपल्याजवळ नऊ महिने होते. ते आपण कशात घालवले?

थोडे आकडे पाहू. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर शंभर बाळंतपणांपैकी २१ ते २२ सिझेरियनने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्क्यांवर होते. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ते सुमारे २० टक्के होते. पण खरी गोष्ट सरासरीत दिसत नाही. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत सुमारे १८ टक्के, तर खासगी रुग्णालयांत सुमारे ३९ टक्के. देशपातळीवर सरकारीत १४ आणि खासगीत ४७. तेलंगणात एकूणच ६० टक्क्यांच्या वर. एकाच राज्यातल्या, एकाच हवापाण्यातल्या स्त्रियांची शरीरे रुग्णालयाच्या पाटीनुसार बदलतात काय? काही अंतर समजण्यासारखे आहे. वय अधिक असलेल्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या, आधीचे सिझेरियन झालेल्या स्त्रिया खासगीकडे अधिक जात असतील. तरीही दुपटीहून मोठा फरक केवळ त्याने भरून निघेल, असे मला वाटत नाही.

मात्र याच आकड्यांची दुसरी बाजू आपल्या डोळ्यांसमोर, या रायगडातच आहे. डोंगरकुशीतल्या कातकरी वाड्यांमधून कितीतरी भगिनी अशा आहेत की ज्यांना सिझेरियनची नितांत आवश्यकता असताना ते वेळेवर मिळत नाही. शहरात गरज नसता सुरी चालते आणि वाडीवर गरज असता ती पोहोचत नाही, हे दोन्ही एकाच समाजात एकाच वेळी घडते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली सिझेरियनचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांहून अधिक असण्याचे कारण नाही असे म्हटले होते. २०१५ मध्ये तिने आपली भूमिका अधिक नेमकी केली. समाजात हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता आणि नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटतात असे आढळत नाही. तथापि विशिष्ट टक्केवारी गाठण्यापेक्षा ज्या स्त्रीला गरज आहे तिला ते मिळाले पाहिजे, हे महत्त्वाचे. म्हणून “आमच्या सुनेचे नॉर्मलच झाले पाहिजे” हा हट्टही तितकाच घातक आहे. आपल्या घरांत हा हट्ट फार असतो. “आम्ही सात-सात बाळंतपणे घरात केली” असे सांगणाऱ्या आजीला त्याच वाड्यातली अडून गेलेली तिची जाऊ आठवत नाही. आठवली तरी ती बोलून दाखवत नाही.

सिझेरियन हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असेही कधीकधी आपल्या वर्तुळात ऐकू येते. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाला ‘मूढगर्भ’ म्हटले आहे आणि त्यावर निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. माता दगावली आणि उदरात गर्भाचे स्पंदन जाणवत असेल, तर वैद्याने तत्काळ उदर छेदून बालक बाहेर काढावे, असे तिथे सांगितले आहे. जिवंत मातेवर अशी शस्त्रक्रिया करून तिला वाचवणे मात्र जगात कुठेच फारसे साधले नव्हते. ज्युलियस सीझरच्या जन्मावरून हा शब्द आला ही कथा चुकीची मानली जाते, कारण त्याची आई ऑरेलिया पुढे पुष्कळ वर्षे जगली. १८८२ साली जर्मनीत मॅक्स सेंगर यांनी गर्भाशयाला काळजीपूर्वक टाके घालण्याची पद्धत रूढ केली, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया मातेसाठीही आशेची झाली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८८६ मध्ये, आपली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाली. चौदाव्या वर्षी झालेले तिचे मूल दहा दिवसांत गेले होते, आणि पदवीच्या प्रबंधासाठी तिने विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ज्ञान कुठून आले याची तिला लाज नव्हती आणि आपल्या परंपरेचाही विसर पडला नव्हता. हे मला तिचे फार मोठेपण वाटते.

सुश्रुताच्याच त्या प्रकरणात आणखी एक तपशील आहे. मूढगर्भाची चिकित्सा अत्यंत कठीण, म्हणून वैद्याने ‘अधिपती’ची अनुमती घेऊन मगच हात घालावा. परवानगी घ्यावी, हा विचार इतका जुना आहे. पण ती घ्यायची अधिपतीची. जिच्या देहावर शस्त्र चालणार तिला विचारण्याचा उल्लेख नाही. आज मात्र कायदा बदललेला आहे, आणि तो आपल्याला ठाऊक नाही. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात निकाल दिला. त्या खटल्यात एका प्रौढ स्त्रीने केवळ तपासणीसाठी भूल घेतली होती. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले की रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असताना, जिवाला तातडीचा धोका नसेल तर, आईची संमती ही तिची संमती होत नाही. संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसे समजावून सांगितले पाहिजे. म्हणजे बाकावर बसलेल्या नवऱ्याची सही हा मुख्य मुद्दा नव्हेच. आत असलेल्या मुलीला काय कळले आणि ती काय म्हणाली, हा मुद्दा आहे.

ब्रिटनमध्ये २०१५ साली एक खटला गाजला, तो नेमका उलट बाजूचा. स्कॉटलंडमधील नादीन माँटगोमेरी ही ठेंगणी आणि मधुमेही स्त्री. मधुमेही मातांच्या प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा संभव ९ ते १० टक्के असतो. तिने डॉक्टरांकडे वारंवार काळजी व्यक्त केली, पण हा धोका तिला सांगितला गेला नाही. सांगितला तर ती सिझेरियन मागेल, असे डॉक्टरांना वाटले. बाळाचे खांदे अडकले, प्राणवायू कमी पडला आणि मुलगा जन्मभराचा अपंग झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. तेव्हा माहिती लपवण्याचे पाप फक्त सुरीच्या बाजूने होते असे नाही. नैसर्गिक प्रसूतीच्या आग्रहापोटीही ते होते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. काही परिस्थितीत निवड नसतेच. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, मूल आडवे असेल आणि फिरत नसेल, पूर्वीच्या शस्त्रक्रियेत गर्भाशयावर उभा छेद घेतलेला असेल, तर सिझेरियन हाच सुरक्षित मार्ग. उलट बहुसंख्य निरोगी तरुणींच्या पहिल्या खेपेला, मूल डोक्याकडून असताना, नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहणे हेच योग्य. खरी निवड असते ती मधल्या प्रदेशात. मूल पायाळू आहे, मूल मोठे वाटते, दिवस उलटले, आधीचे एक सिझेरियन झालेले आहे, किंवा मुलीला कळांची अतिशय भीती वाटते. इथे दोन्ही मार्ग वैद्यकीयदृष्ट्या शक्य असतात आणि प्रत्येकाची किंमत वेगळी असते.

ती किंमत उघडपणे मांडली पाहिजे. सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी होणे, भुलेचे त्रास हे धोके त्यात अधिक. उठून कामाला लागायला वेळ लागतो. सर्वांत मोठी किंमत पुढच्या बाळंतपणात द्यावी लागते. जुन्या व्रणावर वार चिकटून बसण्याचा आणि ती सुटताना अतोनात रक्तस्राव होण्याचा धोका प्रत्येक सिझेरियनगणिक वाढत जातो. ज्या कुटुंबाला दोन-तीन मुले हवी आहेत त्यांनी हा हिशेब पहिल्याच खेपेला करायला हवा. बाळाच्या बाजूने पाहता, ३९ आठवड्यांच्या आधी कळा नसताना काढलेल्या मुलांना श्वसनाचा त्रास अधिक होतो. दुसऱ्या पारड्यात पाहा. नैसर्गिक प्रसूतीत मायांगाला इजा होऊ शकते, क्वचित ती गुदद्वारापर्यंत जाते. पुढे खोकताना-शिंकताना लघवी निसटण्याचा त्रास नैसर्गिक प्रसूतीनंतर अधिक आढळतो. आपल्याकडच्या किती प्रौढ स्त्रिया हा त्रास मुकाट्याने सोसतात! त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत, पण बोलायचे कोणाशी?

काही कारणे मात्र अशी आहेत की ती ऐकल्यावर आपण एक प्रश्न अधिक विचारलाच पाहिजे. “नाळेचे वेढे आहेत” हे त्यातले पहिले. बाळाच्या मानेभोवती नाळेचा वेढा चार-पाच जन्मांपैकी एकात तरी आढळतो, आणि एवढ्याच कारणासाठी सिझेरियन करावे लागत नाही. “मूल मोठे आहे” हे दुसरे. सोनोग्राफीतले वजन हा अंदाज असतो, तो दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. “कळा पुढे सरकत नाहीत” हे तिसरे. पूर्वी समज होता की दर तासाला एक सेंटिमीटर या गतीने गर्भाशयाचे तोंड उघडले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले की अनेक स्त्रियांच्या बाबतीत ही अपेक्षा अवास्तव आहे, पाच सेंटिमीटरपर्यंतचा टप्पा पुष्कळ रेंगाळू शकतो, आणि माता व बाळ ठीक असतील तर केवळ या गतीवरून हस्तक्षेप करू नये. हे ऐकून डॉक्टरांना शिकवायला जाऊ नका. “बाळ आणि आई दोघे ठीक आहेत का, आणि आणखी थोडे थांबलो तर काय होईल?” एवढे शांतपणे विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

डॉक्टरांची बाजूही इथे सांगितली पाहिजे. लहान गावात एकच स्त्रीरोगतज्ज्ञ असतो. कळा चोवीस तास चालतात, त्या वेळी त्याला बाहेरचे रुग्ण असतात, भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून बोलवावा लागतो आणि तो मध्यरात्री येईलच याची शाश्वती नसते. नैसर्गिक प्रसूतीसाठी वाट पाहिली आणि काही बिघडले, तर उद्या जमाव दवाखान्यावर चालून येईल ही भीती असते. महाराष्ट्रात २०१० साली डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा करावा लागला, ही आपल्या समाजाला भूषणावह गोष्ट नाही. राजस्थानात लालसोट येथे मार्च २०२२ मध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक माता दगावली. डॉक्टर अर्चना शर्मा यांच्यावर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्यांनी आत्महत्या केली. अशा वातावरणात डॉक्टर सुरक्षित वाटणारा मार्ग धरतो. त्यात पैशाचा भाग नसतो असे मी म्हणणार नाही. सिझेरियनचे बिल मोठे असते, हे सर्वांना दिसते. पण सगळे पैशावर ढकलून आपण मोकळे होतो, आणि विश्वास निर्माण करण्याचे आपले काम राहून जाते.

या पैशाच्या बाजूवर २०१७ मध्ये मुंबईतून एक प्रयत्न झाला. सुवर्णा घोष यांनी रुग्णालयांनी आपल्याकडील सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे अशी मागणी केली. लाखाहून अधिक लोकांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी ती उचलून धरली, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील रुग्णालयांना नैसर्गिक व सिझेरियन प्रसूतींचे आकडे दर्शनी भागात लावण्याचा आदेश निघाला. पुढे २०१८ मध्ये सिझेरियनसाठी नियम घालून द्यावेत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, ती न्यायालयाने दंडासह फेटाळली. माझ्या मते ते ठीकच झाले. कोणत्या गर्भवतीचे पोट कधी उघडावे, हे न्यायालय ठरवू शकत नाही. पण आकडा विचारण्याचा मार्ग खुला आहे. “डॉक्टर, आपल्याकडे पहिलटकरणींपैकी साधारण किती जणींचे सिझेरियन होते?” हा प्रश्न अपमानकारक नाही. मुलगी पाहायला जाताना आपण याहून अवघड प्रश्न विचारतो.

एक विषय मी टाळणार नाही, कारण तो आपल्याच घरांतला आहे: मुहूर्त पाहून केलेले सिझेरियन. पत्रिका चांगली यावी म्हणून अमुक नक्षत्रावर, अमुक वाजून अमुक मिनिटांनी मूल काढा, अशी विनंती घेऊन सुशिक्षित कुटुंबे डॉक्टरांकडे जातात. ज्योतिषावर तुमचा विश्वास असो वा नसो, जन्मवेळ ही विधात्याने दिलेली मानली म्हणून तिच्यावरून फल पाहायचे, हे त्या शास्त्राचे गृहीत. ती वेळ आपणच घड्याळ लावून ठरवली तर पाहायचे काय? त्यात मुहूर्त सदतिसाव्या आठवड्यात निघाला, तर बाळाच्या फुप्फुसांना त्याचे देणेघेणे नसते. कारण असलेले सिझेरियन ठरवून करायचे असेल आणि आठवडे पूर्ण भरलेले असतील, तर सोमवारऐवजी गुरुवार घ्यायला माझी हरकत नाही. मुहूर्तासाठी सिझेरियन करणे, ही मात्र श्रद्धा नव्हे.

आता कोकणातल्या, विशेषतः तळ्यासारख्या तालुक्यातल्या खास अडचणीकडे येते. आपली मुलगी लग्न होऊन मुंबईला, नालासोपाऱ्याला, पनवेलला जाते. सात-आठ महिने तिथल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात ती गावी येते. येताना बाळंतविडा येतो, पण फाईल येत नाही. इथल्या डॉक्टरांना ती पूर्णतः अनोळखी. तिचे हिमोग्लोबिन किती, साखर किती, वार कुठे, काही ठाऊक नाही. दुसऱ्या खेपेला तर याहून मोठी गोष्ट हरवलेली असते: पहिल्या सिझेरियनचा कागद.

तो कागद का महत्त्वाचा, ते सांगते. एकदा सिझेरियन झाले की पुढचे सिझेरियनच, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. पहिला छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असेल आणि अन्य अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या चार जणींपैकी सुमारे तिघींची प्रसूती नैसर्गिकरीत्या होते. जुना व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक. धोका लहान, पण घडला तर काही मिनिटांत माता आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततो. म्हणून असा प्रयत्न जिथे शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी आहे अशाच ठिकाणी करायचा. छेद कसा होता हे पोटावरच्या टाक्यांवरून कळत नाही. आतला छेद वेगळा असू शकतो. ते फक्त त्या कागदावर असते. घराचा सातबारा जपतो तसा तो जपा.

ब्रिटनमध्ये अशाच, एक सिझेरियन झालेल्या सातशेहून अधिक गर्भवतींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी काहींना दोन्ही मार्गांचे फायदे-तोटे संगणकावर नीट मांडून दाखवले, काहींना स्वतःला काय महत्त्वाचे वाटते ते तोलून पाहायला मदत केली, आणि उरलेल्यांना नेहमीप्रमाणे सोडले. ज्यांना मदत मिळाली त्यांच्या मनातली द्विधा स्पष्टपणे कमी झाली. मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते की त्यांना कोणी “हे कर” असे सांगितले नव्हते. आपल्याकडे संगणक नको. ओटीभरणाच्या आठवड्यात एक संध्याकाळ पुरे. हिरवा चुडा भरतो, फुलांच्या वाडीत बसवून छायाचित्रे काढतो, पेढा की बर्फी ओळखायला लावतो. त्याच आठवड्यात तिला, तिच्या नवऱ्याला आणि दोन्हीकडच्या आयांना एकत्र बसवा आणि पहिल्यांदा तिला बोलू द्या. तुला कशाची भीती वाटते? पुढे किती मुले हवीत? कळा असह्य झाल्या तर वेदनाशामक इंजेक्शन मिळेल असे ठिकाण हवे का? शहरांत पाठीतून दिल्या जाणाऱ्या भुलेने कळा सुसह्य करता येतात. भीतीपोटी सिझेरियन मागणाऱ्या मुलीला हे सांगितलेच जात नाही. “आम्ही नाही का सोसल्या” हे वाक्य त्या संध्याकाळी कोणी उच्चारू नये, एवढी माझी सासूबाईंना हात जोडून विनंती. आणि सारे समजून घेतल्यावरही तिने सिझेरियनच मागितले, तर तिला भित्री म्हणू नका. ब्रिटनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे अशा स्त्रीची इच्छा मान्य करतात.

तळ्यात राहणाऱ्या गर्भवतीने आणखी एक हिशेब करायचा आहे, तो अंतराचा. इथून इंदापूर, तिथून माणगावचे उपजिल्हा रुग्णालय. त्याहून गंभीर असेल तर अलिबाग किंवा मुंबई. आषाढातल्या रात्री हा रस्ता किती वेळ घेतो, ते तुम्ही मला सांगाल. कळा सुरू झाल्यावर हा विचार करायचा नसतो. जिच्या बाबतीत थोडाही धोका आहे, आधीचे सिझेरियन आहे, रक्तदाब आहे, मूल पायाळू आहे, तिने दिवस भरत आले की शस्त्रक्रियेची सोय असलेल्या गावी नातलगांकडे मुक्कामाला जाणे हीच तिची खरी निवड. ज्या रुग्णालयात नाव नोंदवाल तिथे रात्रीही भूलतज्ज्ञ येतो का आणि रक्त कुठून येते, हे आधी विचारून ठेवा. रक्तगट जुळणारे दोन तरुण गावात हेरून ठेवा. आपल्या कार्यकर्त्यांनी रक्तदान शिबिरे पुष्कळ घेतली. आता वाडीवाडीतल्या गर्भवतींच्या याद्या आशाताईंकडे असतात, त्या ताईंना गाडी आणि माणूस कमी पडणार नाही, एवढे पाहावे.

प्रसूतीच्या वेळी विश्वासातली एक स्त्री सतत जवळ असावी, ही आपली जुनी चाल. रुग्णालयांनी ती मोडली आणि विज्ञानाने पुन्हा खरी ठरवली. अनेक देशांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जो आढावा निघाला, त्यात अशी सतत सोबत असलेल्यांमध्ये सिझेरियनचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली आहे. तिथे सोबत मागा. सोबत जाणारी मात्र रडणारी नको. पाठ चोळणारी, पाणी पाजणारी, उठवून चालवणारी हवी.

आणि खर्चाच्या धास्तीने कोणी मागे राहू नये. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती विनामूल्य आहे, सिझेरियनसुद्धा. औषधे, तपासण्या, रक्त, नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण, जाण्यायेण्याचे वाहन, हे सारे त्यात येते. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे क्रमांक घरच्या भिंतीवर लिहून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी होते. ज्यांना सातवा लागला आहे त्यांनी येत्या ९ तारखेला सगळे कागद एका पिशवीत घेऊन जावे, नवऱ्याला बरोबर न्यावे आणि डॉक्टरांना काय विचारायचे ते आधी वहीत लिहून न्यावे. मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथेच आहे. सर्वांसमोर बोलायला ज्यांना संकोच वाटेल त्यांनी मागाहून वही घेऊन यावे. उत्तरे मी देऊ शकणार नाही, ती डॉक्टरांनी द्यायची. प्रश्न मात्र आपण एकत्र बसून लिहू.